बशीतला चहा

"पण बाई, ती बोलणार कधी?"

शलाकानं हे सलग तिसऱ्या दिवशी विचारलं. अनसूयाबाई ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या.

ही गोष्ट तीसेक वर्षांपूर्वीची, कुडाळजवळच्या बालघरातली. बालघर म्हणजे काय, तर कौलारू खोली, सारवलेली जमीन आणि कोपऱ्यात सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांची टोपली. मनाला जबर धक्का बसलेली मुलं तिथं यायची आणि बाई त्यांच्याशी खेळायच्या. उपचार एवढाच.

शलाका त्यांच्या हाताखाली शिकायला आली होती. पुण्याची पदवी, वर सुवर्णपदक, मग काय विचारता. सोबत भली मोठी बॅग. तिच्यात बोटांत घालायच्या बाहुल्या, हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचे पत्ते, वाळूचा ट्रे, सगळं होतं. आज तिचेच केस पिकलेत आणि तिच्या हाताखाली डझनभर मुली शिकून गेल्यात. पण ते बालघर आठवलं की तिला अजून भरून येतं.

आबोली सहा वर्षांची होती. पाच महिन्यांपूर्वी घरात स्टोव्हचा भडका उडाला आणि तिची आई गेली. तेव्हापासून पोरीच्या तोंडून शब्द नाही. मामा तिला रोज आणून सोडायचा. जूनपर्यंत बोलली नाही तर मुक्या मुलांच्या वसतिगृहात ठेवतो, म्हणाला होता. माणूस वाईट नव्हता, पण त्याची स्वतःची तीन होती. आणि मे अर्धा सरला होता.

"खेळते का?" बाईंनी विचारलं.

"खेळ कसला! रोज तेच. तुमच्या टोपलीतली चूल काढते, चहा करते, मला आणून देते. मी पिते. मग बाहुली दाखवून विचारते, ही का रडतेय, हिला कशाची भीती वाटते... की पोरगी उठून खिडकीशी."

"चहा कसा होता?"

"कसला चहा?"

"तिनं दिलेला."

शलाकाला हसू आलं. "बाई, कप रिकामा असतो."

"आणि तू काय म्हणतेस?"

"एका घोटात संपवते. वा, छान, म्हणते."

"रिकामा कप. आणि वा, छान."

शलाकाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. एवढी पुस्तकं वाचून आल्यावर आता चहा प्यायला शिकायचं राहिलं होतं.

"उद्या मी बसते," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बाई गुडघे धरत धरत जमिनीवर बसल्या. शलाका वही घेऊन दाराशी. आबोलीनं चूल मांडली, तिला स्टोव्हसारखा पंप मारला, आधण ठेवलं, गाळलं. कपबशी दोन्ही हातांनी धरून ती बाईंपुढे आली.

बाईंनी हात पुढे केला आणि चटकन मागे घेतला. मग पदराचं टोक हातावर घेऊन कप धरला. चहा बशीत ओतला. थोडा, सांडणार नाही असा. आणि फुंकर घातली.

...

पुन्हा फुंकर.

शलाकाचं पेन थांबलं. तिला एकदम नाशिकच्या अंगणातला पेरू दिसला. त्याच्याखाली ती चिखलाच्या पोळ्या वाढायची. ऑफिसातून आलेले बाबा कडक इस्त्रीच्या पँटीसकट मातीत मांडी घालून बसायचे, आणि पान बघून म्हणायचे, "लोणचं नाही का आज?" मग ती धावत जाऊन लोणचं आणायची. बाबांना जाऊन आता चार वर्षं झाली होती. ते लोणचं ती कधी विसरली, तिचं तिलाच आठवेना.

आबोली बाईंच्या पुढ्यात बसली होती. वाकली. तिनंही बशीवर फुंकर घातली.

दोघी फुंकत राहिल्या. घाई कुणालाच नव्हती.

"च्या मीच मागितला होता," आबोली म्हणाली.

आवाज गंजलेला होता, पाच महिने न उघडलेल्या कडीसारखा.

"आई नको म्हणत होती. मी रडले. मग तिनं स्टोव्ह पेटवला."

शलाका पुढे झाली. नाही गं बाळा, तुझी काही चूक नाही, हे तिच्या अगदी ओठांवर आलं. बाईंनी तिच्याकडे न बघता हात वर केला. शलाका जागीच थांबली.

बाईंनी बशी तोंडाला लावली. भुरका मारला. शेवटचा थेंबसुद्धा ठेवला नाही.

"लेकरानं चहा मागायचा नाही, तर कुणी मागायचा?" त्या म्हणाल्या. "मी बघ, या वयात मागते. अर्धा कप आणखी दे."

...

आबोलीनं त्यांच्या तोंडाकडे बघितलं, मग रिकाम्या बशीकडे. बाई बशी पुढे धरून तशाच बसलेल्या.

"साखर?" तिनं विचारलं.

"चमचाभर घाल."

ती उठली. चुलीपाशी उकिडवी बसली. मग तिनं पंप मारला. आणि आधण उकळेपर्यंत ती रडली, चांगली हुंदके देऊन रडली. बाई चहाची वाट बघत बसल्या. चहा आला, तो प्यायल्या, आणि मग तिला मांडीवर घेतलं.

दुपारी मामानं फाटकातून हाक मारली.

"आले," आबोली म्हणाली.

मामा फाटकातच खाली बसला. मोठा माणूस, पण तोंडावर टॉवेल धरून बसला. शेवटी आबोलीनंच त्याला हात धरून उठवलं. जूनमध्ये ती गावच्या शाळेत गेली.

पण ते नंतर. त्या दुपारी दोघं वळणाआड दिसेनाशी झाली, तशी शलाका आत आली. रडून तिचे डोळे लाल झाले होते. ती आवरायला लागली. चूल टोपलीत टाकली, पातेलं टाकलं, आणि सवयीनं कपबशी एका मुठीत उचलली.

"सावकाश गं," बाई म्हणाल्या. "गरम आहे अजून."