सदोबाने वाढवलेला आकडा

एका गावात सदोबा नावाचा एक भोळा गृहस्थ राहत असे. ‘भोळा’ हा शब्द केवळ सभ्यतेपोटी योजला आहे. त्याची बायको अनुसूया हिने शिवणकामाचे दुकान काढण्यासाठी आपल्या पाटल्या विकल्या. पैसे थोडे वाढावेत, म्हणून बँकेचे शेअर घेण्याचे तिने ठरवले आणि सदोबाला नारोमामांकडे पाठवले. मामा शेअरबाजारात मुरलेले होते.

मामा म्हणाले, “नुसता भाव बघू नकोस. भावाला शेअरमागच्या वर्षाच्या मिळकतीने भाग. आकडा लहान आला, तर शेअर स्वस्त.”

“समजलं, मामा.”

दलालाकडे जाताना गुरांचा बाजार लागला. तेथे एक म्हैस कवडीमोलाने मिळत होती. गेल्या वर्षी तिने बादल्या भरभरून दूध दिले होते. सदोबाने भागाकार केला. आकडा लहान आला. म्हैस घरी आली. ती कायमची आटलेली होती.

अनुसूयेने विचारले, “दूध कुठाय?”

“गेल्या वर्षीचं आहे ना!”

मामा कडाडले, “शहाण्या, गेलेली मिळकत चाटायचीय का? येत्या वर्षीची बघ!”

“समजलं, मामा.”

दुसऱ्या दिवशी त्याला वीतभर उंचीचे नारळाचे रोप दिसले. विकणारा म्हणाला, “पुढल्या वर्षी नारळ उतरवायला गडी ठेवावा लागेल, काका!” सदोबाने रोपासाठी भरल्या झाडाची किंमत मोजली.

अखेर उरलेल्या पैशांतून मामांनीच तालुक्याच्या बँकेचे शेअर घेतले. “कर्जं वेळेवर वसूल होतात, मिळकत भक्कम आहे. लोकांचं लक्ष नाही, म्हणून आकडा सहा. लोकांचा विश्वास बसला, की भाव चढेल, आकडा वाढेल आणि अनुसूयेचं दुकान उभं राहील. तू मात्र काही करू नकोस.”

“समजलं, मामा.”

काही न करण्यासाठीही थोडी बुद्धी लागते. सदोबाने विचार केला : आकडा वाढायला हवा. भाव आपल्या हाती नाही. पण मिळकत घटली, तरी आकडा वाढतोच! भागाकार अचूक होता. अचूक असे त्याच्यापाशी तेवढेच होते.

दुसऱ्या दिवसापासून तो बँकेच्या दारात उभा राहू लागला.

“धोंडूशेठ, हप्ता भरू नका!”

“का रे बाबा?”

“बँकेचं भलं होईल!”

इतका गोड उपदेश धोंडूशेठांना जन्मात मिळाला नव्हता. ते आल्या पावली परतले. त्यांच्यामागून निम्मा तालुका परतला.

मॅनेजर धावत बाहेर आले. “अहो, तुम्ही आमचे भागधारक ना?”

“म्हणून तर उन्हात उभा आहे, साहेब!”

वर्षअखेरीस बँकेची मिळकत नावापुरती उरली आणि आकडा साठ झाला. सदोबा पेढे घेऊन घरी आला. मामा डोके धरून बसले होते. “गाढवा, उद्या बाजार उघडला, की भाव मातीत जाईल!”

अनुसूया डोळे पुसत म्हणाली, “दुकान गेलंच म्हणायचं. निदान डोक्यावर छप्पर तरी आहे.”

“त्याचीच तर सोय करून आलो!” सदोबा पेढा पुढे करत म्हणाला. “घर त्याच बँकेकडे गहाण टाकून कर्ज काढलंय. एकही हप्ता भरणार नाही. आता बघ, आकडा कसा शंभरावर जातो!”