निरुपमाबाईंची आगगाडी

“मग माझं वय झालंय, असं सरळ म्हणा ना मास्तर! मनात ठेवून कशाला बसलाय?”

शांतवन मास्तरांनी वर पाहिलं. अंगणात सीताफळाच्या झाडाखाली ते वेताच्या खुर्चीत बसले होते.

“मी कुठं काय म्हणालो, बाई?”

“तेच तर! इतके दिवस येतेय, तुम्ही काहीच म्हणत नाही.”

मास्तर यावरही काही म्हणाले नाहीत...

निरुपमा भोसेकर नगरच्या एका कॉलेजात गणित शिकवत. उशिरा आलेला विद्यार्थी त्यांचा आवाज ऐकून दारातूनच मागे फिरे. पन्नाशी उलटली, मुलगी नोकरीसाठी बंगळूरला गेली, घरात संध्याकाळी करमेना. तेव्हा एक दिवस बाई बाजारात गेल्या आणि माउथऑर्गन घेऊन आल्या.

नव्यानं शिकायला नव्हे. जुनं परत मिळवायला.

कॉलेजात शिकत असताना त्या माउथऑर्गन वाजवत. स्नेहसंमेलनात त्यांनी एक पहाडी धून अशी काही उडवली होती की मुलांनी बाकं बडवून मांडव डोक्यावर घेतला. पुढं लग्न झालं. सासरी कुणी ‘वाजवू नको’ म्हणालं नाही. ‘वाजव’ असंही कुणी म्हणालं नाही. राहून गेलं...

आता त्या वेळच्या मैत्रिणी दिवाळीनंतर जमणार होत्या. बाईंनी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, ‘मी तीच धून वाजवणार.’

आणि ती धून काही केल्या हाती लागत नव्हती.

शांतवन मास्तर तरुणपणी ऑर्केस्ट्रात वाजवत, नंतर चर्चच्या गाणाऱ्यांना साथ करत. कवळी बसवल्यापासून त्यांचं वाजवणं जवळजवळ सुटलं होतं. आता ते ऐकत. डोळे मिटून, मान जराशी कलती ठेवून. या ऐकण्याची बाईंना आधी गंमत वाटली, मग भीती वाटली, आणि हल्ली त्याचा राग येऊ लागला होता.

“वाजवा,” मास्तर म्हणाले.

बाईंनी धून सुरू केली. पहिल्या दोन ओळी झकास गेल्या. तिसऱ्या ओळीला घोडं अडलं. बाईंनी माउथऑर्गन तोंडापासून काढला, मोठा श्वास घेतला, पुन्हा लावला. तोवर चाल हातची गेली होती.

“पाहिलंत? कॉलेजात असताना हीच धून मी धाप न लागता वाजवायची!”

“ती मुलगी फार छान वाजवत असणार.”

“असणार काय? वाजवायचीच!”

“पण ती माझ्याकडे शिकायला येत नाही, बाई. तुम्ही येता.”

बाईंच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

रागाचं की आणखी कशाचं, त्यांचं त्यांनाही कळेना. त्यांनी माउथऑर्गन रुमालात गुंडाळला, पर्समध्ये टाकला आणि उठल्या.

“येते मी.”

त्यांचा हात फाटकाच्या कडीवर होता, तेव्हा मागून मास्तरांनी विचारलं, “तोंडापासून का काढलात?”

“काय?”

“बाजा. आत्ता, मध्येच. तोंडापासून का काढलात?”

मास्तर माउथऑर्गनला बाजाच म्हणत.

“का म्हणजे? श्वास घ्यायला!”

“बरं... आणि सूर ओढून वाजवता, तेव्हा आत काय जातं?”

बाईंनी कडीवरचा हात काढला.

फुंकला की एक सूर, आत ओढला की दुसरा. पहिल्या दिवशी लहान पोरंही हे शिकतात. बाईंना हे ठाऊक होतं. पण ओढायचा सूर आला की त्या श्वास घोटभर चोरून पीत, आणि पुन्हा फुंकायला धावत. हे आज, फाटकाशी उभ्या असताना त्यांच्या ध्यानात आलं.

“या. बसा,” मास्तर म्हणाले. “आगगाडी वाजवा.”

“आगगाडी?”

“येते ना?”

“मास्तर, आगगाडी लहान मुलं वाजवतात.”

“हो.”

“मी दिवाळीनंतर मैत्रिणींपुढं आगगाडी वाजवू?”

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. मान कलती केली...

बाई नाइलाजानं बसल्या. रुमाल सोडला. फुंकलं, ओढलं. फुंकलं, ओढलं. झुक... झुक... आवाज रडका निघाला.

“घाई नको. आत्ताशी स्टेशनातून निघतेय.”

बाईंनी कपाळावर आठी घातली, पण वेग कमी केला. आत जाणारा श्वास पोटापर्यंत जाऊ दिला. बाहेर येणारा येऊ दिला. झुक-झुक, झुक-झुक. रूळ बदलावेत तसा आवाज बदलला. भरला.

तांदूळ निवडता निवडता मास्तरांच्या पत्नी मार्थाबाई सूप घेऊन दारात आल्या.

“कुठं निघाली म्हणायची गाडी?”

“मनमाडला,” मास्तर डोळे न उघडता म्हणाले.

“वेळेवर पोचेल का?”

“बघू. वाटेत क्रॉसिंग आहे.”

बाईंना हसू फुटलं. बाजा तोंडात होता, हसू त्यातूनच बाहेर पडलं आणि गाडीनं भलत्याच ठिकाणी शिट्टी दिली. मार्थाबाईंच्या सुपातले तांदूळ सांडायचे राहिले, इतक्या त्या हसल्या.

बाई थांबल्या नाहीत. गाडी अंगणातून निघाली, वेशीबाहेर पडली, माळावर आली. आपल्याला धाप लागलेली नाही, हे बऱ्याच वेळानं त्यांच्या लक्षात आलं. कधी चाल बदलली, हेही कळलं नाही. त्या धून वाजवत होत्या. कॉलेजातल्यापेक्षा किती तरी सावकाश. तिसरी ओळ आली. ओढायचा सूर आला. बाईंनी तो पुरता आत घेतला... आणि सूर असा उघडला की त्या स्वतःच दचकल्या.

चौथ्या ओळीला चुकल्या.

बाजा मांडीवर ठेवून त्या नुसत्या बसून राहिल्या. सीताफळाच्या पानांवरून ऊन खाली आलं होतं. मास्तरांचे डोळे उघडे होते. ते काही बोलले नाहीत, आणि या खेपेला बाईंना त्याचा राग आला नाही.

दिवाळी झाली. मैत्रिणी जमल्या. दुसऱ्या दिवशी बाई पेढ्यांचा पुडा घेऊन मास्तरांकडे आल्या.

“झालं एकदाचं, मास्तर.”

“वाजवलीत?”

“वाजवली. सावकाश. एक सूर चुकला. तसाच सोडून पुढं गेले.”

“मग?”

“टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी. कुंदा म्हणून आहे एक, तोंडावर बोलते. ती म्हणाली, ‘छान गं. पण कॉलेजातल्यासारखी नाही हं वाजली.’”

मास्तरांनी पुडा उघडला. एक पेढा घेतला, एक बाईंना दिला.

“तेच सांगायला आलेय,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा खाली आला. “मला वाईटच वाटलं नाही. घरी पोचेपर्यंत वाट पाहिली, आता वाटेल, मग वाटेल... नाहीच वाटलं. असं कसं झालं, मास्तर?”

मास्तरांनी घराकडे तोंड करून हाक मारली.



“मार्था, चहा टाक गं. नवी विद्यार्थिनी आलीय.”