राजकन्येचे निःशब्द दालन

एका राज्यात, जिथे पाखरे माणसांशी बोलत आणि माणसे त्यांचे ऐकत, वज्रकेतू नावाचा राजा होता. परमुलूख जिंकून तो परतला आणि नगरात तीन दिवस, तीन रात्री नगारे झडू लागले. वेशीपाशी कालिंदा नावाची जादूगारीण राहत असे. तिचे तान्हे बाळ तापाने फणफणले होते. नगारे थांबवा, बाळाचा डोळा लागू दे, अशी तिने विनवणी केली. राजाने ऐकले नाही. चौथ्या दिवशी नगारे थांबले, तेव्हा बाळाचा श्वासही थांबला होता.

कालिंदेने शाप दिला. त्या दिवसापासून बाळाचे रडणे राजवाड्यात घुमू लागले आणि राजाची एकुलती लेक हेमगर्भा हिची झोप उडाली. महिना उलटला. दहा वर्षांची पोर, वाळून काटकी झाली.

राजाने शिदोजी गवंड्याला बोलावून आवाज शिरणार नाही असे दालन बांधायला सांगितले. शिदोजीने अंगणातल्या साळुंकीला उपाय विचारला.

"आवाजाच्या वाटा तीन," साळुंकी म्हणाली. "भिंत, छत आणि फट. तिन्ही अडव."

शिदोजीने भिंतीच्या आत दुसरी भिंत उभारली. दोहोंत वीतभर अंतर राखले, कारण भिंत भिंतीला शिवली की आवाज तिच्यातून चालत येतो. ते अंतर त्याने मुक्या नदीच्या वाळूने भरले. त्या नदीकाठी जो बोलेल त्याचा दगड होतो. शिदोजी सात दिवस बोलला नाही. पण रडणे आता छतातून उतरू लागले.

मग त्याने जुन्या छताखाली, त्याला कुठेही न टेकणारे दुसरे छत टांगले. ढगांत चरणाऱ्या मेंढ्यांच्या लोकरीचे दोर वळले, वरती त्याच लोकरीचा जाड थर अंथरला. रडणे बारीक झाले, पण दाराच्या फटीतून येत राहिले.

तेव्हा त्याने एकामागे एक अशी दोन जाड दारे बसवली, कडांना दाबलेल्या लोकरीचा नमदा ठोकला, फटी मेणाने बुजवल्या. मेण एका राक्षसाच्या राईतल्या मधाच्या पोळ्यांचे होते. राक्षसाने मोबदल्यात तारुण्य मागितले. शिदोजी गेला तेव्हा त्याचे केस काळे होते, परतला तेव्हा पांढरे.

दालनात शांतता झाली. हेमगर्भा आत निजायला गेली आणि घटकाभरात बाहेर आली.

"आबासाहेब, आत काहीच ऐकू येत नाही," ती म्हणाली. "पण ते बाळ बाहेर रडतेच आहे. त्यालाही आत घ्या."

राजा अनवाणी वेशीपाशी गेला. आपल्या हातून लेकरू गेले, हे त्याने प्रथमच कबूल केले. माझे काय व्हायचे ते होवो, पण त्याला आता निजू दे, असे त्याने विनवले.

कालिंदा म्हणाली, "महाराज, ते रडणे थांबले, तर माझ्यापाशी त्याचे काय उरेल?"

राजा तिथेच मातीत बसून राहिला. दिवस कलला तेव्हा ती उठली आणि त्याच्याबरोबर वाड्याकडे निघाली.

दालनात हेमगर्भेने तिला आपल्या शेजारी जागा दिली. कालिंदा मांडी घालून बसली. सज्जा, जिना, सोपा ओलांडत रडणे आले आणि तिच्या मांडीवर थांबले. तिने अंगाई सुरू केली. शिदोजीने दोन्ही दारे लावली, आणि बाहेर उभ्या असलेल्या राजाला पुढचे काहीच ऐकू आले नाही.

सकाळी दारे उघडली. वाड्यात रडणे नव्हते. पहाटे डोळा लागलेली हेमगर्भा गाढ झोपली होती. कालिंदा भिंतीला टेकून बसली होती, डोळे सुजलेले, आवाज बसलेला. रात्रभर तिने किती आक्रोश केला, हे त्या भिंतींनी बाहेर कोणाला कळू दिले नव्हते.

राजाने वेशीवरचे नगारे उतरवायला माणसे पाठवली. मग तो तिच्यापुढे वाकला. त्याला बोलायचे होते, पण तिने हाताने थांबवले. हेमगर्भेच्या अंगावरचे पांघरूण सारखे करून ती उंबऱ्याबाहेर आली.

"दार हळू लावा," ती पुटपुटली. "लेकरू निजले आहे."