अंबाडी आणि सरदारांचा घोडा

सरदार सुभानरावांचं पोट त्यांच्याआधी दिवाणखान्यात शिरायचं, आणि हा विनोद ते स्वतःच सगळ्यांना ऐकवायचे. "लढाईत आम्हाला ढाल कशाला हवी?" असं म्हणून पोटावर थाप मारायचे. मात्र रोजच्या ताटातली पुरी, बासुंदी आणि तुपात पोहणारा शिरा यांबद्दल कोणी चकार शब्द काढलेला त्यांना खपत नसे.

अखेर त्यांच्या पत्नी गजराबाईंनी परसात भाज्या लावल्या आणि ताटच बदललं. कधी ताकातला चाकवत, कधी मूगडाळ घातलेला शेपू. सरदारांनी कुरकुरत गिळलं. पण पाहुण्यांच्या पंगतीत अंबाडी आणि भाकरी समोर आली, तेव्हा मात्र ते भडकले.

"पाला घोडे खातात! घोड्याचं खाणं सरदारानं का खावं, याचं उत्तर द्या. नाहीतर परसातली सगळी भाजी आजच उपटून पागेत टाकतो!"

गजराबाईंनी पदर सावरला. "खरंच आहे. पाला घोडाच खातो. म्हणून तर गड चढताना इकडची स्वारी त्याच्या पाठीवर असते. त्याला कधी इकडच्या पाठीवर बसावं लागलेलं नाही."

पाहुण्यांनी हसू कसंबसं दाबलं. सरदारांनी आधी पोटाकडे पाहिलं, मग खिडकीतून पागेकडे, आणि सगळ्यांच्या आधी तेच खो खो हसत सुटले.

"वाढा ती अंबाडी," ते म्हणाले. "आणि त्या बिचाऱ्या घोड्याला निरोप द्या. थोडे दिवस कळ काढ म्हणावं, धनी हलका होतोय."