उसने विरजण

एका राज्यात धूम्रकेश नावाचा मांत्रिक होता. तो सावकारीही करी. त्याचे देणे थकले की माणूस पायापासून वर दगड होत जाई. नगराच्या चौकात अशी कितीतरी माणसे उभी होती, आणि त्यांच्या खांद्यांवर कबुतरे बसत. राजा हळहळे, पण झाला व्यवहार मोडणे राजाच्याही हाती नव्हते.

त्या नगरातल्या सोनवंतीची लेक केतकी एका सांजेला तापातून उठली आणि दहीभात मागू लागली. घरात विरजण नव्हते, आणि दिवेलागणीनंतर दही-विरजण कोणी कोणाला देत नाही. धूम्रकेश मात्र वाटी घेऊन आपणहून उंबऱ्याशी आला.

"उसने देतो," तो म्हणाला.

"बरं," सोनवंती म्हणाली. बिचारीचे सारे लक्ष लेकीकडे होते.

महिन्याने तो वसुलीला आला. "चमच्याचे मडके झाले, मडक्याची शंभर मडकी झाली असती. शंभर मडकी दही टाक. नाहीतर खाल्ले तुझ्या लेकीने, फेडेलही तीच!"

केतकीचे पाय तिथेच दगड झाले. दह्याचे मडकेही दगड झाले. आनंदावर विरजण पडते म्हणतात, ते इथे खरोखरच पडले.

राजवाड्यापुढच्या वडावर एक भारद्वाज पक्षी राही. फसलेल्या ऋणकोंची गाऱ्हाणी ऐकायला थोरल्या महाराजांनी त्याला नेमले होते. त्याच्यासमोर जो जे बोले, ते खरे होई आणि बोलणाऱ्यालाही लागू पडे. म्हणून तिकडे जायला भलेभले कचरत.

सोनवंती गेली. "पक्षिराज, विरजण मी घेतले. पण हे देणे मला मान्य नाही."

"घेतलेस ते आण," पक्षी म्हणाला. "पाहिले त्याला आण. दिले त्याला आण. पोर गळ्यापर्यंत दगड व्हायच्या आत."

घरचे मडके तर दगडाचे. पण सोनवंतीने त्याच दह्यातले विरजण शेजारणीला दिले होते. तिच्याकडून तिने वाटीभर दही आणले. मग घराचा उंबरा उखडून डोक्यावर घेतला, कारण पाहिले होते ते त्याने. राहिला धूम्रकेश. सावकार बोलावून येत नाही. तिने निरोप धाडला, "वसुलीला या." तो धावत वडाखाली आला.

उंबरा बोलला, "हा 'उसने' म्हणाला. वाढीव मागेन, असे म्हणाला नाही."

"म्हणायचे कशाला?" धूम्रकेश गरजला. "उसन्याचे जे वाढेल ते देणाऱ्याचे. हाच कायदा!"

वडाचे पान हलेना. बोल खरा झाला होता.

भारद्वाजाने वाटीकडे पाहिले, मग धूम्रकेशाला विचारले, "तुझ्या घरी विरजण कुठून आले?"

"आईने शेजारणीकडून आणले."

एवढे बोलला मात्र, त्याचे पाय दगड झाले. मग गुडघे. मग कंबर. शेजारणीला कोणी दिले, तिच्या शेजारणीला कोणी, साऱ्या पिढ्यांचे देणे त्याच्या अंगावर चढू लागले.

दगड छातीशी आला तसा तो किंचाळला, "नाही, नाही! विरजण का कोणी उसने देते? विरजण नुसते द्यायचे असते! वाढीव कोणी कोणाचे लागत नाही!"

"ऐकले," पक्षी म्हणाला.

चौकातली कबुतरे एकदम उडाली. त्यांच्या खालचे खांदे हलले होते. माणसे जांभया देत, एकमेकांना नावे विचारत घरी निघाली. धूम्रकेशही सुटला, त्याची विद्या मात्र त्या बोलासरशी गेली. राजाने दवंडी पिटवली की यापुढे कर्जाचा प्रत्येक बोल वडाखाली मोठ्याने सांगावा.

सोनवंतीला दवंडी ऐकू आली नाही. केतकी आपल्या पायांनी वडाकडे पळत येत होती. एवढी नऊ वर्षांची पोर, पण आईने तिला उचलून कडेवर घेतले आणि घरापर्यंत खाली ठेवले नाही.