तिवरपाड्याच्या पाठमोऱ्या बाया

आधी तो मोबाइल खिशात घाला बघू. नंतर काढा हवे तेवढे फोटो, पण या बाया उभ्या आहेत तोवर नको. मागे होड्या निघाल्यात. कोणाचा नवरा, कोणाचा मुलगा त्यांत बसलाय, आणि एकीचंही तोंड समुद्राकडे नाही. सगळ्या त्या उतारावरच्या क्रूसाकडे बघतायत. परगावचे लोक म्हणतात, घरी भांडून आल्यात वाटतं! भांडण कसलं, तिवरपाड्याची रीत आहे ही. आनिसबायपासून चालत आलेली.

आनिस कधी होऊन गेली ते मला विचारू नका. माझ्या आजीच्या आजीनेही ती ऐकलेलीच. तेव्हा इंजिनं नव्हती, शिडाच्या होड्या होत्या. तिचा नवरा बस्त्याव होडीचा तांडेल, म्हणजे होडी त्याच्या हुकमाने चालायची. दोघांत फार माया, पण बाई मुलखाची भित्री. तिचा बाप समुद्राने नेला होता ना! रोज पहाटे त्या काळ्या खडकावर उभी राहायची. हातात माळ, ओठांवर प्रार्थना, आणि डोळे मात्र शिडावर. बस्त्याव हसायचा म्हणे, “आनिस, मला देवाच्या हाती देतेस आणि दोरीचं दुसरं टोक तूच धरून ठेवतेस होय गं?”

आता आमच्यात तेव्हा एक खूण होती. घरात काही अघटित घडलं, की बाईने खडकावरून लाल लुगडं हलवायचं. ते दिसलं की होडीने माघारी फिरायचं, का म्हणून विचारायचं नाही.

एका सकाळी आनिसला दक्षिणेकडे ढग दिसला. होता केवढा, तर तळहाताएवढा. बाकीच्या बाया म्हणाल्या, “अगं, पळता ढग आहे, आत्ता ऊन पडेल.” पण हिला काही ते पटेना. धावत घरी गेली, लाल लुगडं आणलं आणि खडकावर चढून हलवायला लागली. ओहोटी लागलेली होती. ओहोटीला खाडीच्या तोंडाशी पाणी वाळूवर आपटतं. तेव्हा होडी बाहेर जाते, आत घ्यायची नसते. हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. आनिसला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? पण भीती आत शिरली की अक्कल बाहेर पडते.

लांबून बस्त्यावला ते लाल दिसलं. त्याला वाटलं, आपल्या दुमिंगला काहीतरी झालं. दुमिंग म्हणजे त्यांचं पाळण्यातलं लेकरू. त्याने होडी वळवली. आडवी झाली आणि लाटेने उलथली. बाकीचे पोहून काठाला लागले. बस्त्याव नाही आला.

आणि ढग? ढग विरून गेला हो. दुपारी लख्ख ऊन पडलं, इतर होड्या मासळीने भरून आल्या. काय म्हणावं याला!

देवाने तिला शिक्षा केली असं कोणी म्हटलं, तर मी त्याच्याशी भांडते. शिक्षा करायला देव काय गावचा पाटील आहे? पण आनिस स्वतःच देवाशी भांडली, असं सांगतात. क्रूसाच्या पायरीवर बसून म्हणायची, “तुझ्यावर सोपवला होता मी. का नेलास?” पावसाळे गेले, तरी तेच. मग एकदा म्हणता म्हणता मधेच थांबली. शेजारी तिची जाऊ होती, तिने ऐकलं. आनिस हळूच म्हणाली, “सोपवलाच कुठे होता मी?” आणि मग जी रडली, ती तिन्हीसांजेपर्यंत.

दुमिंग मोठा झाला. कोळ्याचं पोर, समुद्र सोडून जाणार कुठे? तो पहिल्यांदा होडीत बसायला निघाला तेव्हा सगळा पाडा किनाऱ्यावर जमला. लोकांना वाटलं, आता ही त्याचे पाय धरणार. आनिसने त्याच्या कपाळावर क्रूसाची खूण केली आणि समुद्राकडे पाठ फिरवली.

जाऊ म्हणाली, “निदान बघ तरी गं त्याच्याकडे. परत नाही आला तर?”

आनिस म्हणाली, “आला तर माझ्याकडे येईल. नाही आला तर ज्याच्या हाती दिलाय त्याच्याकडे असेल. आता मी मधे हात घालणार नाही.” आणि क्रूसाकडे तोंड करून उभी राहिली म्हणे.

दुमिंग म्हातारा होऊन घरच्या खाटेवर गेला. पण त्याच्या आईने त्याला समुद्रावर जाताना कधी म्हणून पाहिलं नाही.

आजही तिवरपाड्यात होडी पाण्यात गेली की बाया पाठ फिरवतात. लाल लुगडं किनाऱ्यावर कोणी आणत नाही. मघाशी ही ताई विचारत होती, वळून बघावंसं वाटत नाही का? वाटतं ना, बाय! रोज वाटतं. माझे घरवाले, पोराचे बाबा, शेवटचे समुद्रावर गेले तेव्हा मी इथेच होते, अशीच पाठमोरी. त्यांनी मागे वळून हात केला असेल का, मला माहीत नाही. ते आले नाहीत. या क्रूसाला मी अजून विचारते, नीट आहेत ना रे ते तुझ्याकडे?

आज मुलगा गेलाय. तुमची तोंडं तिकडे आहेत, तुम्हाला दिसत असेल. निळी होडी आहे त्याची. गेली का हो खाडीबाहेर?

नको. सांगू नका.