टिकली बेडकी आणि सांडलेली लिंबू-साय

एक होती बेडकी. टिकलीएवढी. म्हणून तिचं नाव टिकली.

टिकली राहायची वेणूच्या घरी, माठाखाली. माठाखाली होती वाळू. ओली ओली, गार गार. माठातून पाणी ठिबकायचं. टिप्. टिप्. टिकलीच्या डोक्यावर पडायचं. टिकली म्हणायची, "अहाहा!"

वेणूची आणि टिकलीची गट्टी होती. वेणू चालायची ठुमुक ठुमुक. टिकली तिच्या मागे टुणुक टुणुक.

एकदा काय झालं, वेणूच्या आईला ताप आला. एक दिवस गेला. दोन दिवस गेले. तीन दिवस गेले. आई जेवेना. आई हसेना.

"तोंड कडू कडू झालंय गं," आई म्हणाली. "काहीतरी गार खावंसं वाटतंय. आंबट-गोड."

वेणूला साय फार आवडायची. पण तीन दिवस वेणूने साय खाल्लीच नाही. सगळी साय आईसाठी ठेवली.

बाबांनी साय चुलीवर ठेवली. साखर घातली. रट रट, रट रट. मग कढई खाली उतरवली. वेणूने लिंबू पिळलं. चिळ्ळ! वाटी भरली काठोकाठ. बाबांनी ती माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवली.

"आता लिंबू-साय जमू द्यायची," बाबा म्हणाले. "हलवायची नाही. बोट लावायचं नाही. हलली की बिघडली."

वेणू आईचे पाय चेपायला गेली. जाता जाता म्हणाली, "टिकले, लक्ष ठेव हं!"

"ठेवते, ठेवते!" टिकली म्हणाली.

टिकलीने लक्ष ठेवलं. अगदी थोडंसं. मग तिला राहवेना.

टुणुक! जमली का? नाही.

टुणुक! जमली का? नाही.

टुणुक! टिकली बसली थेट वाटीच्या काठावर. वाटी कलंडली. भळ्ळ!

साय वाळूत. साखर वाळूत. लिंबू वाळूत. वाळूने सगळं पिऊन टाकलं.

वेणू धावत आली. तिने वाटी पाहिली. वाळू पाहिली. ती ओरडली नाही. नुसती खाली बसली.

"आईची होती ती," वेणू म्हणाली. आणि तिने करंगळी पुढे केली. "कट्टी!"

"बोल ना गं, वेणू."

"आईची लिंबू-साय दे. मग बोलते."

माठातून पाणी ठिबकलं. टिप्. टिकलीच्या डोक्यावर पडलं. पण टिकली "अहाहा" म्हणाली नाही. माठाखालून निघाली आणि चालू लागली.

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. टिकली गेली बाबांकडे.

"बाबा, बाबा, लिंबू-साय करा ना!"

"कोण? टिकली? उड्या मारून झाल्या का तुझ्या?"

टिकलीने मान खाली घातली.

"वाटी सांडली.
वेणू रुसली.
चुकलं माझं, करू मी काय?"

बाबा म्हणाले, "कढई आहे. साखर आहे. साय कुठाय? जा, साय आण. मग करतो."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. टिकली गेली म्हशीकडे. म्हैस बसली होती गोठ्यात. रवंथ चालला होता. चबक चबक.

"म्हैसमावशी, म्हैसमावशी, साय दे ना!"

"कोण गं ती? दिसत तर कुणी नाही."

"मी टिकली. इथे, तुझ्या खुराशी."

"बाई गं! पाय ठेवला असता की मी! काय झालं?"

"वाटी सांडली.
वेणू रुसली.
बाबा मागतात साय.
चुकलं माझं, करू मी काय?"

म्हैस म्हणाली, "दूध देईन भांडंभर. साय येईल दाट. पण वाळका कडबा खाऊन दूध कसं येणार? लिंबोणीखाली हिरवं गवत आहे. मी गेले की ती काटे टोचते. जा, मला गवत मिळवून दे. मग दूध देते."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. टिकली गेली लिंबोणीकडे. लिंबोणीच्या फांद्या जमिनीला टेकलेल्या. काटेच काटे. आत हिरवं हिरवं गवत.

"लिंबोणीबाई, लिंबोणीबाई, गवत दे ना!"

"दूर हो! टोचीन हं!"

"टोच. पण आधी ऐक."

"बरं, बोल."

"वाटी सांडली.
वेणू रुसली.
बाबा मागतात साय.
म्हैस मागते गवत.
चुकलं माझं, करू मी काय?"

लिंबोणीने पानं हलवली. सळ सळ. पानं सुकून वळली होती.

लिंबोणी म्हणाली, "तहानेने जीव चाललाय माझा. पाटाला पाणीच नाही. जा, मला पाणी आण. मग गवत देते."

टुणुक टुणुक... टुणुक... टुणुक. टिकली आता दमली होती. ऊन तापलं होतं. पाठ कोरडी पडली होती. तरी ती गेली. पाटाकडे गेली.

पाट कसा होता? वरच्या बाजूला पाणी होतं. खालच्या बाजूला पाणी नव्हतं. मध्ये मातीचा ढीग.

"पाटदादा, पाटदादा, पाणी सोड ना!"

"ग्लुप," पाट म्हणाला. "ग्लुप ग्लुप."

"काय म्हणतोस?"

"माती! तोंडात माती आहे माझ्या! ग्लुप! तू काय म्हणतेस?"

"वाटी सांडली.
वेणू रुसली.
बाबा मागतात साय.
म्हैस मागते गवत.
लिंबोणी मागते पाणी.
चुकलं माझं, करू मी काय?"

पाट म्हणाला, "खेकड्याने बीळ उकरलं आणि माती माझ्या तोंडात टाकली. ग्लुप! जा, त्याला म्हणावं माती काढ. मग पाणी सोडतो."

टुणुक... टुणुक. टिकली गेली खेकड्याच्या बिळाशी. बिळातून बाहेर आला एक डोळा. मग दुसरा डोळा. मग नांगी.

"खेकडेबुवा, खेकडेबुवा, माती काढा ना!"

"हळू बोल!" खेकडा म्हणाला. "पोरं निजवतोय मी. तू कोण? ती टुणुकवाली का? ओळखलं मी. रोज माझ्या घरावर उड्या मारतेस. धप्प! पोरं उठतात. धप्प! पोरं उठतात."

टिकलीला हे माहीतच नव्हतं. ती अगदी हळू बोलली. कानात सांगावं तसं.

"वाटी सांडली.
वेणू रुसली.
बाबा मागतात साय.
म्हैस मागते गवत.
लिंबोणी मागते पाणी.
पाट म्हणतो, माती काढ.
चुकलं माझं, करू मी काय?"

खेकडा म्हणाला, "काहीच करू नकोस. गप्प बस. पोरं झोपेपर्यंत एकसुद्धा उडी मारायची नाही. मग माती काढतो."

गप्प बसायचं? उडी मारायची नाही?

टिकली बसली.

एक माशी आली. गुं गुं. टिकलीच्या नाकावर बसली. टिकली हलली नाही.

वारा आला. भुर्र. टिकली हलली नाही.

पाय म्हणाले, उडी मार. टिकली पायांना म्हणाली, "नाही."

टिकली बसून राहिली. बसल्या बसल्या तिला वाटी दिसली. काठोकाठ भरलेली. वेणूची तीन दिवसांची साय. थोडंसं बसायचं होतं. एवढंच तर करायचं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. टिप्. टिप्. डोळे पुसायलासुद्धा टिकली हलली नाही.

ऊन उतरलं. बिळातून आवाज आला. घुर्र... घुर्र...

"झोपली," खेकडा म्हणाला. "सगळी झोपली. शहाणी आहेस गं पोरी."

मग खेकडा बाहेर आला.

खेकड्याने माती काढली. खर खर, खर खर.

माती निघाली, पाट वाहिला. झुळ झुळ, झुळ झुळ.

पाट वाहिला, लिंबोणी पाणी प्यायली. घट घट, घट घट.

लिंबोणी पाणी प्यायली, तिने फांद्या वर उचलल्या. आणि काय! वरून एक पिवळं लिंबू पडलं. टप्!

"हे का गं?" टिकलीने विचारलं.

"लिंबू-साय ना करायची?" लिंबोणी म्हणाली. "मग लिंबू नको? वेडी कुठली!"

फांद्या वर गेल्या, म्हैस आत आली. गवत खाल्लं. कचक कचक.

म्हशीने गवत खाल्लं, दूध दिलं. चुर्र चुर्र, चुर्र चुर्र.

बाबांनी दूध आणि लिंबू घरी नेलं. दूध तापलं, निवलं. वर साय आली. जाड, पिवळसर. बाबांनी साय कढईत घातली. साखर घातली. रट रट, रट रट. कढई खाली उतरवली. वेणूने लिंबू पिळलं. चिळ्ळ!

पण वाटी काही भरली नाही. आधी होती तीन दिवसांची साय. ही एका वेळची. वाटी भरली अर्धीच.

बाबांनी वाटी ओल्या वाळूत ठेवली. वेणू एका बाजूला बसली. टिकली दुसऱ्या बाजूला बसली. कुणी कुणाशी बोललं नाही. कुणी हललं नाही.

दिवेलागण झाली. बाबांनी वाटी तिरकी करून पाहिली. साय हलली नाही.

"जमली!" बाबा म्हणाले.

वेणूने वाटी आईला नेऊन दिली. टिकली गेली मागून, आणि उंबऱ्यावरच थांबली.

आईने एक चमचा खाल्ला. डोळे मिटले.

"गार आहे गं," आई म्हणाली. "आंबट आहे. गोड आहे." आणि तिने दुसरा चमचा घेतला.

मग म्हणाली, "पण वेणू, वाटी अर्धीच का गं?"

वेणूने टिकलीकडे पाहिलं.

टिकली पुढे आली. उडी न मारता. एक पाय, मग दुसरा पाय.

"आई, वाटी काठोकाठ होती," टिकली म्हणाली. "मी सांडली. वेणूने तीन दिवस साय खाल्ली नव्हती. ती सगळी मी सांडली. चुकलं माझं."

आईने तिच्याकडे पाहिलं. वाटीकडे पाहिलं.

"मग ही अर्धी कुणी आणली?"

"सगळ्यांनी," टिकली म्हणाली. "मी नुसती मागायला गेले होते."

आई हसली. तापात पहिल्यांदाच हसली. तिने चमच्याच्या टोकाने एक थेंब काढला. तुळशीच्या पानावर ठेवला. पान टिकलीपुढे सरकवलं.

"खा. दमलीस तू."

टिकलीने थेंबाकडे पाहिलं. मग वेणूकडे पाहिलं. थेंब खाल्ला नाही.

वेणू खाली वाकली. तिने दोन बोटं पुढे केली.

"बट्टी," वेणू म्हणाली.

टिकलीने दोन बोटांना नाक लावलं. ओलं ओलं, गार गार. मग तिने थेंब खाल्ला.

वाटी झाली चाटूनपुसून,
टिकली माठाखाली राहिली बसून.